लहान आतड्याच्या चुण्या

बंद पडलेली मोटर दुकानात आली की मी आधी ती उघडतो. जुन्नरच्या बाजारपेठेत माझं रिवायंडिंगचं दुकान आहे आणि न उघडता निदान सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. त्यामुळे स्वतःच्या पोटाची पाळी आली तेव्हा भीतीइतकंच कुतूहलही होतं, हे कबूल करतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मला सिलियॅक असल्याचं कळलं. गव्हातला चिकटपणा आतड्याला सोसत नाही, म्हणून गहू जन्मभर बंद. आमच्या बोरी बुद्रुकच्या घरात रोज बाजरीच, गहू सणापुरता. हा कसला आजार, असं मी हसून म्हणायचो. स्वयंपाक थोरल्या वहिनीच्या हाती होता. तिनं माझा तवा वेगळा केला, परात वेगळी केली आणि वर्षभरात मी अंग धरलं.

पाच-सहा वर्षांनी पुन्हा वाळायला लागलो. जुलाब, रक्त कमी, दुकानाचं शटर वर करताना धाप. पुण्याच्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली, ती थोडं आत जाऊन थांबली. खालून घातलेलीही लहान आतड्याच्या टोकाशीच अडली. मधलं सगळं न बघितलेलंच राहिलं. या आजारात क्वचित तिथे वाईट गाठ होते, तेव्हा बघायलाच हवं, असं ते म्हणाले. वहिनी शेजारी बसली होती.

तपासणीला पुन्हा तीच बरोबर आली. खडू कालवल्यासारखं पांढरं बेरियम मी उपाशीपोटी दोन ग्लास प्यायलो. मग दर अर्ध्या तासाला एक्स-रे. मधेमधे टेबलावर झोपवून पडद्यावर बघायचे. पाटाचं पाणी सरीत शिरावं तसं ते पांढरं माझ्या पोटातून वाट काढत होतं. गाठीची भीती बाजूला ठेवून मी वळणं मोजत बसलो. मान वाकडी केली म्हणून एक्स-रेवाला दोनदा खेकसला.

संध्याकाळी डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावल्या. गाठ कुठेही नव्हती. पण सुरुवातीच्या भागात आतड्याला दाट चुण्या हव्यात, त्या विरळ झाल्या होत्या आणि शेवटी जिथे कमी असतात तिथे वाढल्या होत्या. असं का, मी विचारलं.

"शेवटच्या भागानं सुरुवातीच्याचं काम अंगावर घेतलंय," ते म्हणाले.

मला त्या आतड्याचं कौतुकच वाटलं. डॉक्टरांचं समाधान मात्र झालं नव्हतं. इतक्या वर्षांत पोट सुधारायला हवं होतं. रक्ताचा रिपोर्टही तेच सांगत होता, कुठून तरी गहू जातोय.

वहिनीनं साफ नाकारलं. पुरावा म्हणून तिनं पिशवीतला डबाच उघडला. आत थालीपीठं होती. मला भाकरीचा कंटाळा आला म्हणून दोन-तीन वर्षांपासून ती रोज सकाळी लावायची. डॉक्टरांनी भाजणीत काय काय असतं ते विचारलं. बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभरा, उडीद, धने. आणि गहू?

"हाय की. पर भाजल्याला," ती म्हणाली. "भाजला की दाणा मरतो, डॉक्टर. पेरला तरी उगवत न्हाई."

खरं सांगतो, मला ते पटलं. आमच्याकडे कुणालाही पटलं असतं. डॉक्टर हसले नाहीत. दाणा मरतो, पण तुमच्या दिराला जे सोसत नाही ते भाजून जात नाही, असं त्यांनी सावकाश समजावलं.

बाहेर बाकावर ती डबा मांडीवर घेऊन बसली. गाठ नाही, आपण सुटलो, असं मी तिला दोनदा सांगितलं. ते तिच्या कानातच शिरलं नाही.

"आदी मूठभरच घालीत व्हते, भावजी," ती म्हणाली. "तुमी वाळाय लागलात, तवा ताकदीसाठी दोन मुठी केल्या."