कँटीनच्या फळ्यावरचं पुस्तक
कोऱ्या पुस्तकाचा वास आला की मला शिरूरजवळच्या आमच्या कंपनीचं कँटीन आठवतं, आणि तिथं पोहे वाढणाऱ्या मावशी. कँटीनच्या फळ्यावर दर महिन्याला एकानं आपल्या आवडीचा खेळ, ठिकाण आणि पुस्तक लिहायचं, अशी पद्धत होती. माझी पाळी आली तेव्हा मी कॅरम आणि दौंडचा भीमेचा काठ लिहिला, ते खरं होतं; पण साहेब लोकांवर छाप पडावी म्हणून पुस्तक लिहिलं ते कधी न उघडलेल्या एका जाडजूड कादंबरीचं. काही दिवसांनी मावशी चहा ठेवताना म्हणाल्या, "तुमचं पुस्तक वाचनालयातनं आणलं, साहेब. पण शेवटची पानंच न्हाईत. ती म्हातारी गावाला परत जाती का वो?" मी पटकन म्हणालो, "माझ्या घरी आहे ना, आणून देतो." रविवारी एसटीनं पुण्याला जाऊन कादंबरी विकत घेतली आणि सोमवारी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती चाळली आणि त्या गालातल्या गालात हसल्या. "पानं अजून एकमेकाला चिकटल्यात, साहेब. आधी तुम्ही वाचा, मी थांबते." त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. म्हातारीचं काय झालं हे कळायला दोन आठवडे थांबल्या, तोवर मी आयुष्यातली पहिली कादंबरी वाचून संपवली. ही लबाडी मी इतकी वर्षं लपवली. आता मात्र वाचनाची गोडी कुणी लावली असं विचारलं, की मी ताठ मानेनं सांगतो, आमच्या कँटीनच्या मावशींनी.