सावंतची रेषा

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. चार माणसं एका खोलीत बसवा, दिवसभर आकडे मांडायला लावा आणि वर चहा पाजत राहा. वर्षभरात किश्श्यांचं कपाट भरतं! आमचं भरलं ते पन्नासच्या दशकात, घाटकोपरच्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर.

परदेशातून आलेलं धान्य मुंबईत किती उतरलं, कलकत्त्याला किती, मद्रासला किती, आणि मागच्या वर्षीपेक्षा कमी की जास्त, एवढंच आमचं काम. सेक्शन सरकारी, पण टेंपररी! आयात संपली की आम्हीही संपलो. आमचे प्रधानसाहेब, कर्णिकबाई, मी आणि भांडुपचा सावंत. तक्ते काढावेत तर सावंतनेच.

*

एका दुष्काळी वर्षी गहू इतका आला, की भिंतीवरच्या तक्त्यात मुंबईची लाल रेषा कागदाबाहेर गेली. सावंतने वर दुसरा कागद चिकटवला. मग तिसरा. शेवटी गडी टेबलावर स्टूल ठेवून भिंतीवर चढला.

प्रधानसाहेब खालून ओरडले, "सावंत, छत आलं की थांब रे बाबा! वर घरमालक राहतो!"

*

प्रत्येक देशाच्या धान्याचा नमुना आमच्याकडे बाटलीत ठेवलेला असे. एकदा तांदळात सोंडे झाले. कर्णिकबाईंनी घरच्यासारखे सगळे नमुने अंगणात उन्हाला घातले, प्रत्येकाजवळ देशाच्या नावाची चिठ्ठी ठेवून. वारा आला आणि चिठ्ठ्या उडाल्या. वाट लागली! आता ब्रह्मदेश कुठला आणि सयाम कुठला?

बाई डगमगल्या नाहीत. स्टोव्ह मागवला, मूठमूठ तांदूळ शिजवला आणि आम्हाला वाढला. "गिचका झाला तो ब्रह्मदेश, मोकळा झाला तो सयाम. लिहा!"

फाइलवर शेरा पडला, 'नमुन्यांची ओळख पटली.' कशी, ते कुणी विचारलं नाही. त्या दिवशी आम्ही डबे उघडलेच नाहीत.

*

सावंतचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी मालवणकडची, आणि त्याला मनापासून आवडलेली. तिचे वडील तात्या शेतकरी. जावई बघायला ते थेट ऑफिसातच आले. सावंतने खरं काय ते सांगून टाकलं, की बाहेरचं धान्य येतंय तोवरच ही नोकरी.

तात्या विचारात पडले. "म्हणजे आमचां भात पिकलां, की तुमची नोकरी गेली?"

सावंतने प्रामाणिकपणे मान डोलावली.

"आधी परमनंट होवा," तात्या उठत म्हणाले, "मगे लग्नाचां बघूया."

*

आणि नेमकं पुढच्याच वर्षी देशात पीक झकास! रेषा धाडधाड खाली. प्रधानसाहेबांनी खूश होऊन पेढे वाटले. सावंत पेढा हातात धरून नुसता बसून राहिला.

"खा रे, देशाचं चांगलं झालंय!"

"देशाचं झालं हो साहेब. माझं काय?"

मला त्याचं फार वाईट वाटलं. तरी दुसरा पेढा मी घेतलाच.

*

शेवटी हे सेक्शन ठेवायचं की मोडायचं ते ठरवायला दिल्लीहून मोठे साहेब आले. त्यांनी भिंतीवरच्या रेषेवर बोट ठेवलं.

"ये झीरो पर आ गई, तो आप लोग क्या करोगे?"

सावंत उभा राहिला.

"साब, झीरो आया, ये भी तो हर महिने लिखना पडेगा! बम्बई का झीरो अलग, कलकत्ते का अलग, मद्रास का अलग. और पिछले साल के झीरो से कंपेअर कौन करेगा?"

साहेबांनी रेषेवरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाले, "बात तो सही है."

महिन्याभरात चौघंही परमनंट!

लग्नात तात्यांनी मला बाजूला घेतलं. "भायरचां धान्य बंद झालां, तरी ह्येंका पगार?"

"हो तात्या. काही आलं नाही, हे लिहायचा पगार."

तात्यांनी तोंडातलं पान गालात सरकवलं. मग हळूच म्हणाले,

"माझ्या घरामागच्या कातळार पन कायच पिकना नाय. तेचो पगार खंय गावतलो?"