ओळीच्या सुरुवातीची रेघ

अंजली ओव्हाळ पिंपरीची. वडील बुद्धरत्न भोसरीच्या फाउंड्रीतून निवृत्त झालेले, आई घरी ब्लाउज शिवायची. अंजली इंजिनिअर झाली आणि माणमधल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत लागली. चाकणच्या कारखान्यांत कामगारासमोर जो स्क्रीन असतो, त्यावर कामाच्या सूचना दाखवायचं काम ही कंपनी करते. सूचना कारखान्यातलीच माणसं लिहितात, अगदी साध्या मजकुरात. ठळक हवं तर शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी, यादी हवी तर ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ. व्हॉट्सॲपमुळे या खुणांची सगळ्यांना सवय झालेली. त्या ओळखून स्क्रीनवर नीट मांडणारा प्रोग्राम निरंजनसरांनी कंपनी सुरू झाली तेव्हा लिहिला होता. अंजलीला कामाला लावलं, शिकवलं, तेही त्यांनीच.

एका सोमवारी चाकणच्या सुपरवायझर सुमनताईंची तक्रार आली. त्यांच्याकडे चिकटवण्याच्या फिल्मची पाकिटं फ्रीजरमध्ये ठेवतात. नवी सूचना त्यांनी लिहिली तेव्हा एक ओळ अशी होती: ‘-18 अंशांवर ठेवणे’. समाधान नावाच्या कामगाराने स्क्रीन वाचला, पाकिटं फ्रीजरमधून काढली आणि एसीच्या खोलीत अठरा अंशांवर ठेवली. सगळा माल वाया गेला. कारखान्याच्या ऑफिसात फाइल उघडून पाहिली तर उण्याची खूण जागच्या जागी. समाधानला मेमो मिळाला. तो परभणीकडचा, कंत्राटावरचा, पक्कं होण्याची वाट बघणारा. मी मनानं काहीच केलं नाही, एवढंच तो सांगत राहिला. शेवटी सुमनताईंनी स्वतः जाऊन स्क्रीनचा फोटो काढला. तिथे उणे नव्हतंच. एक काळा ठिपका होता आणि पुढे अठरा.

अंजलीला कारण लगेच सापडलं: प्रोग्रामने उण्याला यादीची रेघ समजून तिथे ठिपका टाकला होता. रेघेनंतर जागा सोडली तरच ती यादी, असा मूळ नियम होता. पण लोक जागा सोडत नाहीत म्हणून निरंजनसरांनी मध्ये कधीतरी ती अट काढून टाकली होती. आता ते म्हणाले, रेघेनंतर आकडा आला तर यादी धरायची नाही, तेवढी दुरुस्ती करून टाक. अंजलीने जुन्या फाइली चाळल्या. एकीत ‘-2 नट लावणे’ असं होतं. तिथे रेघ यादीचीच होती. म्हणजे एक दुरुस्ती केली की दुसरीकडे बिघाड ठरलेला.

त्या संध्याकाळी जेवताना तिने वडिलांना हे सांगितलं. त्यांनी प्रोग्रामबद्दल काही विचारलं नाही. मेमो मागे घेतला का, एवढंच विचारलं. अजून नाही, असं तिला सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी अंजलीने निरंजनसरांना सांगितलं की ठिगळं नकोत, या मजकुराचं पूर्ण व्याकरण लिहू. ओळ कशाला म्हणायचं, यादी कशाला, ठळक शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, सगळं नियमांत. कुठल्याही मजकुराचं एकच वाचन निघेल असं. सरांना ते आवडलं नाही. त्यांचा प्रोग्राम इतकी वर्षं चालला होता.

“लिही,” ते म्हणाले, “पण जुनी एकही फाइल बदललेली दिसता कामा नये.”

ती कामाला लागली. चांदणीचा नियम सोपा निघाला. खोक्याचं माप ‘60*40*15’ असं लिहिलं तर मधला चाळीस ठळक व्हायचा नि चांदण्या गायब व्हायच्या. आकड्यांना चिकटलेली चांदणी ही खूणच नाही, असं ठरवलं. यादीतल्या यादीने मात्र तिला रडवलं. ओळीआधी किती जागा सोडली त्यावर ती कुणाच्या पोटात हे ठरतं, आणि आधीच्या ओळीची जागा लक्षात ठेवणं तिच्या नियमांना जमत नव्हतं. कितीतरी दिवस ती नियम वाढवत गेली, मग एका सकाळी वाकडच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकलेली असताना तिने तो हट्ट सोडला. आधी नुसत्या ओळी बघायच्या, जागा मोजून आतबाहेर लावायच्या. मग प्रत्येक ओळीच्या आतला मजकूर व्याकरणाने वाचायचा. दोन टप्पे केल्यावर नियम निम्म्यावर आले. आणि एक नियम तिने सगळ्यांत शेवटी घातला: जे कशातच बसत नाही ते पुसायचं नाही, लिहिलंय तसंच दाखवायचं.

राहिली सरांची अट. ती पाळणं शक्यच नव्हतं. तिने ‘-18 अंश’ आणि ‘-2 नट’ या दोन ओळी शेजारीशेजारी लिहून त्यांच्यासमोर ठेवल्या.

“सर, खुणा सारख्याच आहेत. काय म्हणायचंय ते लिहिणाराच सांगेल. आपण अंदाज केला, तिथेच चुकलं.”

निरंजनसरांनी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. मग त्यांनी विचारलं, चाकणला कधी जायचं.

दोघं गेले. नव्या व्याकरणात रेघेनंतर जागा हवीच होती, त्यामुळे ज्या ज्या ओळींचं वाचन बदलत होतं त्या सुमनताईंसमोर एकेक करून काढल्या. ताई हे यादीचं, हे उण्याचं असं सांगत गेल्या. काही ओळी त्यांनाही आठवेनात, मग ताई शॉपवर जाऊन कामगारांना विचारून यायच्या. दुपारी प्लांटचे मॅनेजर धनेश साहेब काम बघायला आले. अंजली त्यांना मेमोबद्दल कसं विचारावं याची जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात निरंजनसर उभे राहिले.

“तो माल आमच्या प्रोग्राममुळे वाया गेला. प्रोग्राम मी लिहिलाय. त्या मुलाने स्क्रीनवर होतं तेच केलं.”

आपल्या कंपनीच्या मालकांना न विचारता ते हे बोलले होते. त्याच आठवड्यात मेमो मागे घेतला गेला. समाधान पक्का झाला नाही, त्या वर्षी कुणालाच पक्कं केलं नाही. तो अजून तिथेच आहे. त्या दिवशी परतताना गाडीत निरंजनसर मालकांना काय सांगायचं ते अंजलीलाच विचारू लागले.

मालक चिडले, मग निवळले. जुना प्रोग्राम बंद झाला. व्याकरण आता छापील दोन पानांत मावतं आणि त्याचं सोप्या मराठीतलं रूप सूचना लिहिणाऱ्यांना वाटलेलं आहे. हल्ली एका कारखान्याला सूचनांमध्ये तक्ते हवे आहेत. तक्त्याचे रकाने उभ्या रेघेने पाडायचे, पण चौकटीतल्या मजकुरातच उभी रेघ आली तर काय, यावर दोघांचा रोज वाद चालतो. सर म्हणतात करून बघू. अंजली म्हणते, आधी नियम लिहू.