खिसे बघणाऱ्या हमीदाबाजी

हमीदाबाजी माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या खिशाकडे बघायच्या. शारजाच्या बाहेर, वस्ती संपून वाळू सुरू होते तिथल्या एका शूटिंग क्लबात त्या नेमबाजी शिकवायच्या. आम्ही दोघं पहिल्यांदा तिथे गेलो, तेव्हा डोक्यावर नीट ओढणी घेतलेली ही ठेंगणी बाई माझ्या नवऱ्याच्या पँटच्या उजव्या खिशाकडे टक लावून बघत बसली. मला कसंसंच झालं. मग मान वर करून त्या म्हणाल्या, "गाडीची चावी, सुटी नाणी आणि एक बोळा झालेला रुमाल." नितीनने खिसा उलटा केला. सगळं बरोबर निघालं, वर चिकट झालेला चॉकलेटचा एक कागदही निघाला.

"माणूस खोटं बोलेल, त्याचा खिसा नाही बोलणार," असं त्या म्हणायच्या. हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की त्या ते सुरू करायच्या आणि मी पूर्ण करायचे.

आम्ही तिथे का गेलो ते सांगायला हवं. २००८ सरता सरता दुबईतली बांधकामं एकाएकी थांबली. नितीन अजून न बांधलेल्या इमारतींमधले फ्लॅट विकायचा, त्यामुळे पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडली. अल कुसैस भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दर शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, देशी परतणारं कुणी ना कुणी सोफा विकायला काढत होतं. आमची इरा पहिलीत होती. तिचं शाळेचं वर्ष पुरं होईपर्यंत कसंबसं तग धरायचं आणि मग परतायचं, एवढंच आमचं ठरलं होतं.

परतायला जागा होती, हे आमचं नशीब. नितीनच्या काकांची सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी सराफी पेढी होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. या, आणि पेढी सांभाळा, असा त्यांचा निरोप होता, पण एक अट होती. रोज संध्याकाळी पेढीतले दागिने घरच्या तिजोरीत न्यायचे असत. आदल्याच वर्षी त्या वाटेवर दोघांनी मोटरसायकल आडवी घालून काकांच्या हातातली पिशवी हिसकली होती आणि त्यांचा खांदा निखळला होता. तेव्हा पेढीवर बसेल त्याने परवाना काढून खिशात छोटं पिस्तूल बाळगायचं, नाहीतर पेढी विकून टाकतो, असं काकांनी स्पष्ट सांगितलं.

झालं. नितीन नोकऱ्यांच्या साइट सोडून पिस्तुलांच्या साइट बघायला लागला. बावीस बोअर की बत्तीस, रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, वजन किती, लांबी किती. कशात तरी त्याचा जीव रमतोय म्हणून मला आधी बरंच वाटलं. पण हा माणूस चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणारा. त्याच्या खिशात भरलेलं पिस्तूल आणि घरात सहा वर्षांची पोर, हे मला काही केल्या पटेना. शेवटी शारजाच्या रोल्ला बाजारात मसाले विकणाऱ्या ओळखीच्या कोकणी भाईंनी सांगितलं, "आमच्या हमीदाबाजीला विचारा. ती सरळ सांगेल."

बाजी रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या. वडिलांकडे रानडुकरांपासून भात राखायला ठासणीची बंदूक होती. "बाप मचाणावर घोरायचा, बंदूक मी धरायचे," असं त्या हसत सांगायच्या. लग्न होऊन शारजात आल्या. नवऱ्याचं औद्योगिक क्षेत्रात गॅरेज होतं. बाजी क्लबात रिसेप्शनवर लागल्या आणि एकदा गंमत म्हणून एअर पिस्तूल उचललं, तो नेम मॅनेजरने बघितला. तेव्हापासून त्या शिकवतच होत्या.

नितीनने काकांची अट सांगून कागदांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला आणि रोज खिशात बाळगायला सगळ्यात भरवशाचं कुठलं, ते विचारलं. बाजींनी गठ्ठा पालथा घातला आणि त्यावर बिनदुधाच्या सुलेमानी चहाचा ग्लास ठेवला.

"पिस्तुलाचा भरवसा मागनं बघू, नितीनभाई. आधी खिशाचा बघू."

त्यांनी खणातून एक जीन्सच्या कापडाची पिशवी काढली. तळहाताएवढी, चारी बाजूंनी पक्की शिवलेली. आत रेंजवरून गोळा केलेले एअर पिस्तुलाचे वापरलेले छर्रे होते. भरलेल्या छोट्या पिस्तुलाएवढं तिचं वजन. इथे आपल्यासारख्यांच्या खिशात पिस्तूल चालत नाही, पिशवी चालते, असं म्हणून त्यांनी नियम सांगितले. सकाळी कपडे केले की पिशवी खिशात. त्या खिशात दुसरं काही म्हणजे काही नाही. घरी आलं की कुलपात. ती भरलेली आहे असंच धरून चालायचं. महिनाभराने परत यायचं, तोवर बावीस-बत्तीस बोलायचं नाही. विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला ही पिशवी मिळायची, मग तो मोठा मॅनेजर का असेना.

नितीनचा पहिला दिवस ऐटीत गेला. दुसऱ्या दिवशी त्याच खिशात चावी आली. पुढे एकदा पँटबरोबर पिशवी लाँड्रीत गेली आणि लाँड्रीवाल्याने ती दोन बोटांत धरून परत आणून दिली. एका इंटरव्ह्यूला बसल्यावर टोचते म्हणून ती शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि तिथेच राहिली. इंटरव्ह्यूही गेला. दर वेळी मीच ती शोधायचे, पुसायचे आणि कपाटात कुलूप लावून ठेवायचे. मला तिची इतकी सवय झाली की स्वयंपाक करतानाही ती या क्षणी कुठे आहे हे माझ्या डोक्यात असायचं.

एकदा मात्र मी भाजी आणायला खाली गेले होते. परत येते तर इरा हॉलमध्ये पिशवी वर उडवून झेलत होती. "मम्मा, कॅच! बाबाज् बीन बॅग!" म्हणून तिने ती माझ्याकडे फेकली. पिशवी सोफ्याच्या उशीखाली सापडली होती. नितीन समोरच लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याने पोरीकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवशी तो जेवला नाही. "मला एवढंही जमत नाही," एवढंच म्हणाला. नोकरी गेली त्या दिवशीही तो इतका खचला नव्हता. मला त्याचा राग यायला हवा होता, पण भडभडून आलं ते त्याच्यासाठीच.

महिना झाल्यावर तो क्लबात यायला तयार नव्हता. पेढी गेली, असं त्याने मनाशी धरलंच होतं. मीच ओढून नेलं. बाजींनी खिशाकडे बघितलं आणि फक्त विचारलं, "कुठे कुठे राहिली?" नितीनने सगळं सांगितलं. लाँड्री, खुर्ची, सोफा आणि शेवटी इरा.

बाजींनी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. बहुतेक पुरुष छातीठोकपणे सांगतात की एकदाही विसरलो नाही, आणि अशांना त्या दारातूनच परत पाठवतात, असं त्या म्हणाल्या. मग मराठी, हिंदी सगळं एक करत त्यांनी समजावलं.

"तुमचं डोकं आत्ता टेन्शनमध्ये आहे. घाबरलेल्या माणसाचा खिसा बेसावध असतो. ही तुमची गलती नाय, टाइम खराब आहे. टाइम बदलेल, इन्शाल्ला, तुमचा खिसाही शहाणा होईल. पण आज पिस्तूल नको. खलास." मग माझ्याकडे वळल्या. "आणि दर वेळी शोधून काढली कुणी?"

"मी."

"मग तू बाळग गो. पेढीवर बसेल त्याने, असं म्हणालेत ना काका? तू बस."

मी हसले. माझ्या पंजाबी ड्रेसला खिसा तरी कुठे होता, असं म्हणाले. बाजींनी आपल्या कमीजची कड उचलून आतला जाड, दुहेरी कापडाचा खिसा दाखवला. "बायकांच्या कपड्याला खिसे नसतात, म्हणून बायकांना कुणी विचारत नाही. शिवून घे. यल्ला, लाग कामाला."

मी खिसा शिवला आणि पिशवी बाळगली. बसताना, वाकताना, इराला उचलताना ती कुठे येते ते कळायला लागलं. त्यानंतर बाजींनी मला रेंजवर नेलं. पहिला बार काढताना मी डोळे मिटले आणि समोरचं टार्गेट कोरं राहिलं. नितीन मागच्या काचेपलीकडे उभा होता. कित्येक दिवसांनी तो पोट धरून हसला.

मग कुठे त्या निवडीचं बोलल्या. बावीसची गोळी स्वस्त, हाताला हलकी, शिकायला चांगली. पण क्वचित फुसकी निघते. ज्याच्यावर जीव टांगायचा ते बत्तीस असावं. खिशात अडकतील असे कोपरे त्याला नसावेत. चाप झाकणारं कव्हर असल्याशिवाय ते खिशात घालायचं नाही. कापडाचा भुगा आत जातो, म्हणून रिकामं करून वरचेवर पुसायचं. "आणि नवीन आणलंस की आधी रेंजवर न्यायचं. ज्या गोळ्या बाळगणार त्याच भरपूर वाजवायच्या. नवं स्थळ बघतो तसं बघायचं. अडायला लागलं, तर कितीही देखणं असो, नको म्हणायचं." नितीनच्या कागदांच्या गठ्ठ्यात यातलं बरंच होतं. पण मला ते पटलं बाजींच्या तोंडून.

निघताना त्यांनी पिशवी परत मागून घेतली. तेव्हा गावी परतणारे खूप होते आणि भीती प्रत्येकाच्या खिशात होती. पिशवीला नवं गिऱ्हाईक बाहेर बसलंच होतं.

इराचं शाळेचं वर्ष संपल्यावर आम्ही परतलो. काकांना आधी माझं पेढीवर बसणं पचलं नाही. गादीवर सूनबाई बसणार आणि परवानाही तिच्या नावावर, म्हणून त्यांनी काही दिवस अबोला धरला. काकूंनी त्यांना एकदाच विचारलं, घरच्या तिजोरीची किल्ली इतकी वर्षं कुणाच्या कमरेला आहे? त्यावर काकांनी अबोला सोडला. परवाना यायला वेळ लागला, पण आला. बत्तीस बोअरचं पिस्तूल मी बाजींच्या पद्धतीने पारखून घेतलं. रेंजबाहेर ते वाजवायची वेळ आजवर आलेली नाही.

काही वर्षांनी आपल्या गावी सुट्टीवर आल्या असताना बाजी वाट वाकडी करून आमच्याकडे आल्या. पेढीच्या पायरीवरूनच माझ्या खिशाकडे बघितलं. तो सपाट होता. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या. आज बाजार बंद, पेढी नुसती हिशेबाला उघडलीय, माल घरातून आणलेलाच नाही आणि इराच्या मैत्रिणी घरभर बागडतायत, म्हणून पिस्तूल तिजोरीत आहे, असं मी सांगितलं. "शिकलीस गो," म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात नितीन चहा घेऊन आला. तो आता पेढीचा बोलका चेहरा झाला होता. त्याने चहा ठेवला आणि न सांगता आपला उजवा खिसा त्यांच्यासमोर उलटा केला. आतून फक्त किल्ल्यांचा एक जुडगा निघाला.

"कसल्या?" बाजींनी विचारलं.

"दुकानाच्या. रोज मीच उघडतो, मीच बंद करतो. अजून एकदाही कुठे राहिल्या नाहीत."

बाजींनी तो जुडगा हातात घेऊन त्याचं वजन केलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, मी सांगितलेलं ना," एवढंच म्हणाल्या. मग दोन्ही हातांनी किल्ल्या परत नितीनच्या खिशात ठेवल्या आणि वरून थोपटल्या.

पुढच्याच वर्षी शारजात त्या वारल्या. मसालेवाल्या भाईंचा फोन आला तेव्हा नितीन पेढीचं शटर ओढत होता. मी सांगितलं, तसा तो पायरीवर बसला. मग उठला, कुलूप लावलं, किल्ल्या खिशात टाकल्या आणि वरून एकदा हाताने थोपटल्या. तेव्हापासून तो रोज तसंच करतो.