राजा नसलेल्या देशासाठी

वाचनालयाच्या मंडळींनो, उद्या कुणी विचारण्याआधी मीच फळ्यावर लिहितो.

आज दुपारी सिनेमा संपला आणि नेहमीप्रमाणे बँडवर इंग्रज बादशहाचं गीत सुरू झालं. त्याला उठायचं नाही, हे आपलं ठरलेलं. म्हणून मी आणि आमच्या गिरणीत कामगारांवर देखरेख करणारा जॉबर विठोबा बसून राहिलो. नवे माग बसवायला आलेला स्विस फिटर आमच्या शेजारी होता. तो मात्र ताठ उभा राहिला.

विठोबा म्हणाला, "बसा की सायेब. इंग्रजांच्या राजाला तुमी कशाला मान देताय?"

फिटर मोडक्या हिंदीत म्हणाला, "आमच्याकडे राजाच नाही. पण आमच्या देशाचं गाणं याच चालीवर आहे." चाल मूळ कुणाची, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

पाहुण्याच्या देशाचं गाणं म्हटल्यावर विठोबा टोपी सावरत उठला. मग मीही उठलो.

दाराशी उभ्या फौजदारानं आम्हाला पाहून समाधानानं मान डोलावली. मागच्या रांगेतल्या आपल्या पोरांनीही पाहिलं. बाहेर त्यांनी आमचा रामराम घेतला नाही.

आम्ही कुणासाठी उठलो, ते लांबून दिसत नाही. तुम्ही काय केलं असतं? खडू इथंच ठेवलाय, खाली लिहा.