शालीने धरलेली जागा

सातारा स्टँडवर पाटणच्या गाडीसाठी रांग लावणारा तो एकटाच होता. रांगेत आधी आलेल्याचं काम संगणकानं आधी कसं करावं, या संशोधनात त्याचा जन्म गेला होता. त्याबद्दलच दुपारी त्याच्या गावात त्याचा सत्कार होता. झुंडशाहीपुढे न झुकणारा माणूस अखेर भेटला म्हणून मी मुठी आवळून त्याच्यामागे उभा राहिलो.

गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत. तो हलत नसे.

"आवं सायेब, टाका की रुमाल! सत्कार ऱ्हाईल न्हवं!" त्याच्याच गावच्या एक आजी खिडकीतून ओरडल्या.

"मागचा पुढे गेला, तर ती रांग कसली?" तो म्हणाला.

गाड्या भरून जात राहिल्या. ऊन उतरल्यावर सरपंचांचा फोन आला. त्यानं तो स्पीकरवर घेतला.

"काळजी करू नगा सायेब. सत्कार लय झोकात झाला. तुमच्या खुर्चीवर शाल टाकून जागा धरली व्हती!"

त्यानं फोन ठेवला. मग माझ्याकडे रुमाल मागितला. पुढची गाडी लागतच होती. आता हाही झुकणार, या धास्तीनं मी रुमाल देत पुढे सरकलो.

त्यानं डोळे पुसले, रुमाल परत दिला आणि म्हणाला, "जरा मागे व्हा. अजून माझाच नंबर आहे."