उपासाचा रकाना

पद्मजा कर्णिक कशाला भिणारी बाई नव्हती. पाल दिसली तर केरसुणीने ढकलत दाराबाहेर घालवायची, सोसायटीच्या सेक्रेटरीला जिन्यात अडवून टाकी शेवटची कधी धुतली ते विचारायची, आणि नवऱ्याच्या आतेला तोंडावर सांगायची, "तुमच्या वड्यांत कोथिंबीर कमी आणि कौतुक जास्त." पण इंजेक्शनची सुई म्हटली की तिचे पाय गार पडत.

त्याला कारण होतं. तिचे वडील, अण्णा, शेवटची अकरा वर्षं रोज सकाळी मांडीत इन्सुलिनची सुई टोचून घेत. काचेची सिरिंज आधी उकळावी लागे. तिचं पातेलं चहाच्या पातेल्याशेजारीच खदखदत असायचं. माहेरची सकाळ म्हणजे चहा आणि स्पिरिट यांचा मिळून एक वास. लग्न होऊन अंधेरीला, चार बंगल्याला आली तेव्हा पहिल्या सकाळी नुसत्या चहाचा वास आला, आणि तेवढ्यावरच तिला सासर आवडलं.

चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये डॉक्टर गुप्त्यांनी तिच्या रक्ताचा रिपोर्ट वाचून चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हा तिला तो वास एकदम दवाखान्यात आला. दवाखान्यात स्पिरिटचा वास असतोच, पण तिला चहाचाही आला. ती तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती.

"साखर एकशे अडतीस. काठावर आहात," डॉक्टर म्हणाले. "वजन चौऱ्याहत्तर. तीन महिने देतो. सहा किलो उतरवा. नाहीतर गोळ्या सुरू."

"आणि गोळ्यांनी भागलं नाही तर?"

"मग इंजेक्शन आहेच."

'आहेच' हा शब्द त्यांनी इतक्या सहज उच्चारला, की पद्मजा घरी येईपर्यंत काही बोललीच नाही. श्यामकांतला, तिच्या नवऱ्याला, चोवीस वर्षांच्या संसारात असा शांत बसप्रवास आठवत नव्हता.

डॉक्टरांनी एक सायक्लोस्टाइल केलेला कागद दिला होता. दिवसाला बाराशे कॅलरी. खाली यादी: पोळी, भात, वरण, ब्रेड, अंडं, मासे, दूध, बिस्किटं, प्रत्येकापुढे आकडा. श्यामकांत साकीनाक्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. आकडे आणि रेघा दिसल्या की त्याच्या अंगात उत्साह संचारायचा. त्याने एका रात्रीत वही आखली. तारीख, वार, सकाळ, दुपार, संध्याकाळ, एकूण. शिवाय एका ग्राफ पेपरवर चौऱ्याहत्तरपासून अडुसष्टपर्यंत उतरत जाणारी लाल रेघ काढली आणि तो कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, म्हणजे आल्यागेल्याला दिसायला नको.

"ही लाल रेघ म्हणजे आपलं उद्दिष्ट," तो म्हणाला. "निळ्या रेघेनं मी तुझी प्रत्यक्ष प्रगती दाखवत जाईन."

"माझ्या वजनाचा कारखाना काढलात की काय?" पद्मजा म्हणाली, पण वही तिने घेतली.

आणि वहीशी ती प्रामाणिक राहिली, हे तिच्या शत्रूनेही कबूल केलं असतं. पोळीला तूप बंद. चहात साखर बंद. भात मोजून. जेवण झाल्यावर उरलेली भाजी 'वाया कशाला जायची' म्हणून तोंडात टाकायची तिची वीस वर्षांची सवय. ती भाजी तिने आता मुलीच्या, मृणालिनीच्या, ताटात टाकायला सुरुवात केली. बुधवारी अकराशे साठ, शुक्रवारी अकराशे नव्वद. आकडे कसे शिस्तीत.

आणखी घाई व्हावी म्हणून तिने उपास वाढवले. सोमवार आणि चतुर्थी हे सासूबाईंकडून आलेले होतेच. त्यांत गुरुवार आणि शनिवार घातले. त्या दिवशी वहीत लिहायची: 'उपास. ०.' ते शून्य काढताना तिला फार बरं वाटायचं. डॉक्टर खूश, देव खूश, एकाच खर्चात.

सोमवारी सकाळी वेसाव्याची सगुणा कोळीण दारात टोपली उतरवायची. होड्या पावसाळ्यासाठी किनाऱ्याला ओढलेल्या, त्यामुळे टोपलीत सुके बोंबील, जवळा, फार तर खाडीतली मूठभर कोलंबी.

"घे गो बाय, बोंबील कसं खडखडीत हायेत बघ."

"आज नको गं. सोमवार."

"शनवारी नको बोललीस. गुरवारी नको बोललीस. मंग तू खातेस तरी कवा?"

"उपास करत्येय. वजन उतरवायचंय."

सगुणाने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. सगुणा स्वतः दोन्ही वेळा भात खायची आणि वेळूच्या काठीसारखी होती. वेसाव्याहून टोपली डोक्यावर घेऊन ती रोज चार सोसायट्यांचे सगळे जिने चढायची, तेही वहीत न लिहिता.

"उपास हाय तर मंग जिन्यात तुपाचा वास कसला येतंय?"

"खिचडी केलीय. थांब, देते."

सगुणाने उंबऱ्यावर बसून बशीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली. दाणे कुटलेले भरपूर, बटाट्याच्या काचऱ्या तुपात परतलेल्या, वर ओलं खोबरं. तिने बोटं चाटली.

"झकास! पन खरं सांगू? आमच्या घरला जेवनात पन एवढं नसतं. ह्याला उपास बोलतात तर मना रोज चालेल."

पद्मजा हसली. बिचारीला फराळ आणि जेवण यांतला फरक काय कळणार!

दर रविवारी संध्याकाळी दोघं अंधेरी स्टेशनवर जात. तिथल्या वजनाच्या यंत्रावर पद्मजा चपला काढून उभी राही, श्यामकांत नाणं टाकी, आणि खटकन तिकीट पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. पहिल्या रविवारी चौऱ्याहत्तर, 'तुमचा स्वभाव उदार आहे'. दुसऱ्या रविवारी चौऱ्याहत्तर, 'प्रवासाचा योग'. तिसऱ्या रविवारी साडेचौऱ्याहत्तर. त्या दिवशी पद्मजाने भविष्य वाचलंच नाही.

"साडीचं वजन असेल," ती म्हणाली.

चौथ्या रविवारी ती हलकी नायलॉनची साडी नेसून गेली. पुन्हा साडेचौऱ्याहत्तर. पाचव्या रविवारी, आषाढी एकादशीचा आठवडा संपल्यावर, साडेपंच्याहत्तर.

त्या संध्याकाळी परत येताना ती बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. रडत नव्हती. मांडीवर हात ठेवून बसली होती, आणि श्यामकांतला दिसलं की ती ती जागा झाकून धरत होती, जिथे अण्णा सुई घेत.

घरी आल्यावर त्याने कपाटाचं दार उघडून निळी रेघ वाढवली. लाल रेघ खाली निघाली होती, निळी वर. बराच वेळ तो पेन्सिल कानाला लावून उभा राहिला. मग त्याने वही मागितली आणि ग्राफच्या तळाशी उपासाच्या प्रत्येक दिवसाला एकेक त्रिकोण काढला.

"पद्मा, जरा इकडे ये. गंमत बघ."

"मला गंमत नकोय."

"अगं बघ तर. ह्या आठवड्यात सोमवार, मंगळवारी एकादशी, गुरुवार, शनिवार. चार उपास. आणि एक किलो वाढ. म्हणजे असं दिसतंय की तू जेवत नाहीस तेव्हा वाढतेस."

"म्हणजे मी चोरून खाते, असंच ना?"

"मी असं कुठे म्हणालो?"

"तुमची रेघ म्हणते ना! पाच आठवडे मी त्या पोळ्या नुसत्या, कोरड्या गिळत्येय, आणि तुम्ही माझ्या देवाधर्माचे त्रिकोण काढताय!"

आतल्या खोलीतून मृणालिनी आली. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, आणि आईला घाबरायचं वय नुकतंच ओलांडलं होतं. तिने वही चाळली.

"आई, उपासाला शून्य कसं?"

"मग काय लिहू? उपास आहे तो!"

"अगं पण खिचडी? लाडू? रात्रीची भगर?"

"ते फराळाचं. डॉक्टरांच्या कागदावर साबुदाणा आहे का? दाखव मला. राजगिरा आहे? भगर आहे?"

मृणालिनीने कागद वरून खालपर्यंत वाचला. खरंच नव्हतं.

"बघ," पद्मजा म्हणाली. "असतं तर डॉक्टरांनी लिहिलं नसतं?"

पण तिच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता. ती स्वयंपाकघरात गेली आणि पाच मिनिटांनी परत दारात आली. "उद्या सोमवार आहे. सगळं वजन करून करते. होऊन जाऊ दे. मग तुमच्या त्या त्रिकोणांना बघते मी."

मृणालिनीने खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडून होम सायन्सचं पुस्तक आणलं. टपालाची पाकिटं तोलायचा श्यामकांतचा जुना काटा ओट्यावर आला. सोमवारी सकाळी पद्मजाने नेहमीसारखीच खिचडी केली. काटकसर केली नाही, वाढवलंही नाही. तिला खोटं जिंकायचं नव्हतं.

"साबुदाणा शंभर ग्रॅम," मृणालिनी लिहीत होती. "साडेतीनशे. दाण्याचं कूट पन्नास ग्रॅम... दोनशे पंच्याऐंशी."

"दाण्याला? एवढ्याशा दाण्याला?"

"तूप किती?"

"दोन चमचे."

"आई, हा चमचा नाही, पळी आहे."

"आमच्याकडे ह्यालाच चमचा म्हणतात!"

संध्याकाळपर्यंत दुपारची केळी, मसाला दूध, तळलेले बटाट्याचे पापड, राजगिऱ्याचे दोन लाडू, भगर आणि दाण्याची आमटी सगळं वहीत उतरलं. मृणालिनीने बेरीज केली, पुन्हा केली, आणि वही बाबांकडे सरकवली. श्यामकांतने तपासली आणि पद्मजाकडे न बघता म्हणाला, "दोन हजार तीनशे दहा."

पद्मजाच्या हातात तेव्हा दुसरा लाडू होता. तो तिने क्षणभर पाहिला. बेरजेत धरलेलाच होता, म्हणून खाल्ला.

"म्हणजे पाच आठवडे," ती हळूच म्हणाली, "मी साखर वाढवतच होते. स्वतःच्या हातानं."

श्यामकांतने पेन्सिल खिशात घातली.

रात्री भांडी आवरताना तिच्या एक गोष्ट लक्षात आली, आणि ती तिला बेरजेपेक्षा जास्त लागली. ह्या घरात रोज काय शिजायचं ते इतरांच्या जिभेवर ठरायचं. श्यामकांतला बटाटा, मृणालिनीला तिखट रस्सा, सासूबाई होत्या तोवर त्यांना मऊ भात. तिला स्वतःला काय आवडतं हे कुणी विचारलं नव्हतं, कारण तिने सांगितलं नव्हतं. उपासाचा दिवस तेवढा तिचा होता. त्या दिवशी ती स्वतःसाठी करायची, आपल्याला हवं तसं, आणि देवाचं नाव पुढे असल्यामुळे कोणी 'हे काय केलंस' म्हणायचं नाही. वजन उतरवायला तिने उपास वाढवले असं तिला वाटत होतं. खरं म्हणजे तिने स्वतःचे दिवस वाढवले होते.

दुसऱ्या दिवशी तिने देवापुढे निरांजन लावून गुरुवार आणि शनिवार परत केले. सोमवार आणि चतुर्थी ठेवले, पण त्या दिवशी ताक, पपई आणि एक उकडलेलं रताळं, बस. पहिल्या सोमवारी चार वाजता तिने मृणालिनीला विनाकारण दोनदा रागावलं. दुसऱ्या सोमवारी एकदाच.

आणि बाकीचे सगळे दिवस तिने घराकडून काढून घेतले.

"हे काय?" श्यामकांतने ताटात बघून विचारलं.

"पडवळ. हरभऱ्याची डाळ घालून. मला आवडतं."

"तुला पडवळ आवडतं?"

"लहानपणापासून."

"कधी बोलली नाहीस!"

"आता बोलले ना."

मग मुगाचं घावन आलं, दुधी आला, तव्यावर नुसते भाजलेले सुके बोंबील आले. श्यामकांतने चार दिवस बटाट्याचा शोक केला. मृणालिनीने 'यार आई' म्हणत सगळं खाल्लं. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या, तशी पद्मजा मासळी आणायला स्वतः वेसाव्यापर्यंत चालत जाऊ लागली. सगुणा तिला लांबून बघून ओरडायची, "आली माझी उपासवाली!" गणपतीत पद्मजाने एकवीस मोदक वळले, एक खाल्ला आणि लिहिला. शेजारपाजारच्या सगळ्या आरत्यांना गेली आणि प्रसाद घेतला तो चण्याएवढा. निळी रेघ हळूहळू वाकली आणि खाली निघाली, पण लाल रेघेला काही ती गाठेना.

सप्टेंबरच्या मध्याला ती डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर बसली, तेव्हा हिशेब तिला पाठ होता. साडेसत्तर. म्हणजे साडेतीन किलो. सहातले अडीच राहिले. आत कुणाला तरी इंजेक्शन देत होते. लहान मूल किंचाळलं. पद्मजाने श्यामकांतचं मनगट धरलं. त्याच्या घड्याळाचा पट्टा तिच्या हाताला रुतला तरी सोडलं नाही.

डॉक्टर गुप्त्यांनी तिला काट्यावर उभं केलं आणि मान हलवली.

"मी सहा म्हणालो होतो."

"साडेतीन झालेत," पद्मजा म्हणाली. "पाच आठवडे मी मूर्खपणा केला, डॉक्टर. ते धरू नका."

डॉक्टरांनी रिपोर्टचं पाकीट फोडलं. वाचलं. चष्मा काढला नाही.

"एकशे सोळा."

"म्हणजे?"

"म्हणजे चाललंय ते चालू ठेवा. गोळ्या नकोत. डिसेंबरात पुन्हा रक्त तपासू."

पद्मजाने श्यामकांतचं मनगट सोडलं. त्यावर चार बोटं उमटली होती. ती खुर्चीत नीट बसली, पदर सारखा केला, आणि सेक्रेटरीला जिन्यात अडवतानाचा आवाज तिला परत आला.

"एक विचारते. कार्तिकी एकादशीला तरी खिचडी खाल्लेली चालेल?"

"एक वाटी. फार तर."

"कुठली वाटी? आमटीची का श्रीखंडाची?"

"श्रीखंडाची," डॉक्टर म्हणाले.

"सपाट का शीग लावून?"

श्यामकांत उठून दाराकडे गेला. डॉक्टरांनी तिच्याकडे बघतच घंटीवर हात ठेवला.

"सपाट, मिसेस कर्णिक."

"बरं," ती म्हणाली, आणि पर्समधून वही काढून तिथेच लिहून घेतलं.